तिथी, भरती आणि कातळ

कोकणच्या कातळकिनाऱ्यावर निसर्ग पाहायला आणि त्याचे फोटो काढायला जायचं ठरलं, की आधी पंचांग उघडावं. हवामानाचा अंदाज, सूर्यास्ताची वेळ, कोणती लेन्स घ्यायची, हे सगळं त्यानंतर. डोंगरात किंवा जंगलात उजेड हा फोटोग्राफरचा पहिला मालक असतो. समुद्राकाठी तो मान पाण्याचा. पाणी चढलेलं असेल, तर ज्या खडपावर कालवं, शंख, प्रवाळ आणि खेकडे आहेत तो खडपच दिसत नाही. पाणी उतरलेलं असेल, तर दुपारच्या रखरखीत उन्हातही पाहण्यासारखं इतकं असतं की दिवस अपुरा पडावा.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून भरती दोनदा येते, म्हणजे घड्याळातली हीच वेळ दोन्ही भरत्यांना धरायची. प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज गावागणिक थोडा मागेपुढे होतो. मिनिटांचा हिशेब हवा असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, पण कातळावर उभं असताना पाऊणपट पटकन कामी येते.

या हिशेबातच फोटोग्राफरसाठी एक मोठी देणगी लपलेली आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खोल उतरते. त्या दिवशी भरती मध्यान्हाच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. समुद्र सर्वांत दूर गेलेला असतो, नेमका तेव्हाच उजेड तिरपा आणि मऊ असतो. कोकण किनाऱ्यावर हा मेळ दर पंधरवड्याला जमतो. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी जेमतेम खालीवर होतं आणि ओहोटी भर दुपारी येते. ते दिवस खडपासाठी कमी कामाचे, पण पक्ष्यांसाठी चांगले. संध्याकाळी सहाला पाणी वर असतं, चरायची जागा बुडालेली असते आणि पाखरं किनाऱ्यालगतच्या उंच खडकांवर एकत्र येऊन बसतात.

उतरावं कसं, निघावं केव्हा

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात चढाचा साधारण बारावा हिस्सा येतो, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं पाणी येतं. पहिला तास निवांत गेला म्हणून माणूस मॅक्रो लेन्स लावून डबक्यात डोकं घालतो, आणि तिसऱ्या तासाला मागची घळ भरलेली असते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याचा चढउतार पाच मीटरच्या घरात जाऊ शकतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे तो साधारण निम्म्यावर येतो. पण तिथल्या कातळाला घळी, कपारी आणि भेगा फार. तेव्हा ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरावं, उतरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग पुढे सरकावं आणि पाणी फिरलं की आपणही मागे फिरावं.

लाटांचं वेगळं. त्या टोळीने येतात; बराच वेळ लहान लाटा आणि मग पाठोपाठ तीन-चार मोठ्या. म्हणून कातळावर पाय ठेवण्याआधी वरूनच पंधरा-वीस मिनिटं समुद्र पाहावा. सर्वांत मोठ्या लाटेचा फेस कुठवर आला, ती रेघ लक्षात ठेवावी आणि तिच्या अलीकडे ट्रायपॉड लावावा. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर वाऱ्याचा मागमूस नसताना मोठ्या लाटा येऊ शकतात, कारण त्या हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेकडच्या वादळांत जन्मलेल्या असतात. शांत हवा पाहून समुद्रही शांत असेल असं धरू नये. ओल्या हिरव्या शेवाळावर पाय घसरतो. कोरड्या खरबरीत कातळावरून चालावं. पाठ समुद्राकडे करू नये.

दोन दगड

आंबोळगडपासून विजयदुर्ग, देवगडपर्यंतचा किनारा नीट पाहिला, तर कड्यात दोन वेगळे दगड दिसतात. खाली काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्यावर तांबडा, छिद्रांचा जांभा; तो बेसॉल्टच झिजून, पावसाने धुपून, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून तयार झालेला. माथ्यावरचं सपाट, उघडं पठार म्हणजे सडा. लाटा तळाशी मारा करतात, खालचा आधार जातो आणि जांभ्याचे घराएवढे ठोकळे सुटून खाली येतात. कड्याच्या पायथ्याशी पडलेले तांबडे ठोकळे आणि त्यांच्या पुढे समुद्रात शिरलेला काळा, सपाट खडप ही इथली ओळख. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं की दगडाची जात बदलते. तिथे बेसॉल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. चौकटीत कातळ जास्त असला की मीटरला दृश्य अंधारं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि लाटेचा फेस पांढराफटक होऊन त्यातला सगळा तपशील जातो. म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उणे ठेवावं आणि हिस्टोग्रामची उजवी कड पाहावी. काळ्यातून तपशील नंतर काढता येतो, जळालेल्या पांढऱ्यातून नाही.

खडपावर वरून खाली पट्टे असतात, आणि ते ओळखता आले की अर्धं काम झालं. सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे कपारीत दाटीने बसलेल्या बारीक शंखांचा पट्टा. त्याखाली बार्नेकल आणि खडकाला चिकटलेली कालवं; धारदार कडांमुळे अनवाणी पायाला हा भाग लगेच कळतो. त्याहून खाली शैवाल, समुद्रफुलं, स्पंज. आणि उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडणारा शेवटचा पट्टा, जिथे प्रवाळ, समुद्री गोगलगायी आणि समुद्रकाकड्या भेटतात. प्रत्येक जीवाची जागा ठरते ती दोन गोष्टींनी: पाण्याबाहेर किती तास तग धरता येतो, आणि खालून कोण खायला येतं.

बार्नेकल जवळून पाहा. ओहोटीत तो निर्जीव पांढरा खडा वाटतो. भरतीचं पाणी त्याच्यावरून एकदा फिरलं, की माथ्यावरची झडप उघडते आणि आतून पिसासारख्या पायांचा झुबका बाहेर येतो, मिटतो, पुन्हा बाहेर येतो. हा प्राणी खेकड्यांच्या आणि कोळंबीच्या नात्यातला. पिल्लूपणी पाण्यात तरंगतो, मग डोक्याच्या बाजूने दगडाला कायमचा चिकटतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न गाळत काढतो. उथळ डबक्यात, पोलरायझर फिरवून पाण्यावरची चमक घालवली, की हे पाय स्पष्ट दिसतात. पोलरायझर सर्वांत परिणामकारक असतो तो पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर. अगदी वरून वाकून पाहिलं, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

बार्नेकलच्या शेजारी शंकूच्या आकाराचं कवच पाठीवर घेऊन बसलेला लिम्पेट असतो. भरतीत तो दगडावरचं शैवाल खरवडत फिरतो. अनेक जातींचे लिम्पेट चरून झालं की दगडावरच्या आपल्या ठरलेल्या जागी परततात. कवचाची कड आणि दगड एकमेकांना बेतून घासलेले असतात. शैवाल खरवडणाऱ्या त्यांच्या दातांत गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं, आणि सजीवांनी बनवलेल्या सर्वांत मजबूत पदार्थांत त्या दातांची गणना होते. हेच गोएथाइट वरच्या जांभ्यातही आहे. कड्याच्या माथ्यावर पावसाने जे खनिज मागे ठेवलं, तेच पायथ्याशी एक गोगलगायीचा भाऊबंद समुद्रातल्या लोहापासून आपल्या तोंडात घडवतो. फोटोत दात दिसत नाहीत, पण हिरव्या शैवालावर त्यांनी काढलेल्या नागमोडी वाटा तिरप्या उजेडात उठून दिसतात.

पावसाळा: किनारा मोडतो

मृगाच्या आधी होड्या वर ओढल्या जातात, घरांच्या पडव्यांना झडपा लागतात. आगोटीची कामं उरकतात. यांत्रिक मासेमारी १ जूनपासून बंद होते. मग नैऋत्येचा वारा सुटतो आणि किनाऱ्याचा नकाशा बदलतो. दोन कातळांमधल्या पुळणीवरची वाळू लाटा उचलून थोड्या खोल पाण्यात नेऊन टाकतात. उन्हाळ्यात जिथे मुलं चेंडू खेळत होती, तिथे जुलैत वाळूखाली दडलेले खडक उघडे पडतात. पाऊस ओसरल्यावर लहान, शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

हा बदल एका सुंदर फोटोत सापडत नाही. त्यासाठी एक जागा ठरवावी लागते: देवळाची पायरी, धक्क्याचा कोपरा, न हलणारा एखादा खडक. तिथूनच, त्याच दिशेला, त्याच लेन्सने, शक्यतो त्याच तिथीच्या ओहोटीला दर महिन्याला एक फोटो. वर्षाचे बारा फोटो शेजारी मांडले, की पुळण श्वास घेताना दिसते.

पावसाळ्यात खाली खडपावर उतरू नये. वरून, सड्याच्या कडेपासून मागे राहून लाटा टिपाव्यात. फुटणारी लाट थांबवायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. कातळावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या धारा दाखवायला पाव ते अर्धा सेकंद. तीस सेकंदांच्या एक्स्पोजरने समुद्राचं धुकं होतं. ते देखणं असतं, पण लाट कुठे फुटली आणि पाणी कोणत्या घळीतून परतलं, ही माहिती त्यात पुसली जाते. आधी माहितीचा फोटो घ्यावा, मग धुक्याचा. खारे तुषार लेन्सच्या काचेवर सुकू देऊ नयेत. गोड्या पाण्याने ओला केलेला फडका आधी, कोरडा नंतर.

वादळी दिवसांनंतर पुळणीवर लक्ष ठेवावं. एरवी खोल समुद्रावर राहणारे बूबी, फ्रिगेटबर्ड, शिअरवॉटर थकून किनाऱ्याला लागतात. असा पक्षी दिसला, तर दूरवरून एक-दोन फोटो घेऊन वनखात्याला कळवावं. त्याला परत पाण्यात ढकलू नये. तो दमलेला असतो, वाट चुकलेला नसतो.

आणि याच दिवसांत समुद्राकडे पाठ करून सड्यावर पाहावं. जूनपर्यंत भाजून निघालेला जांभा जुलैत फुलतो. कोकणातल्या सड्यांखेरीज फारशी कुठे न आढळणारी पांढरी दीपकाडी आधी येते. मग पाणी साठलेल्या उथळ खळग्यांत सीतेची आसवं आणि गेंद, ओल्या कडांना दवबिंदू. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती. जांभ्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो, तो त्या सूक्ष्म जीव आणि किडे पकडून मिळवतात. खालच्या खडपावर आणि वरच्या सड्यावर जगण्याची अट सारखीच आहे: थोडी जागा, थोडा काळ, आणि त्यात सगळं उरकायचं.

शरद आणि हिवाळा: पाहुणे येतात

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो. खडपावर ताजं शैवाल चढतं. आधी पातळ हिरवं, मग तपकिरी सरगॅसम. ऑक्टोबरपासून पाण्याचा गढूळपणा कमी होतो आणि डबक्यांचे फोटो खऱ्या अर्थाने सुरू होतात. डबक्यातला दगड उलटला, तर तो जसा होता तसाच परत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उजेडात आणि उन्हात तासाभरात मरतात. प्रवाळ आणि समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी डबक्यातून काहीच नेऊ नये. मालवणचा किनारा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाला, तो याच जीवसृष्टीसाठी.

सप्टेंबरपासून पाहुणी पाखरं उतरू लागतात. तिबेट-लडाखच्या सरोवरांवर वीण करणारा तपकिरी डोक्याचा कुरव, सैबेरियाच्या टुंड्रातून येणारे मोठे कुरव, खडकांवर दगड उलथवून खाणारा टर्नस्टोन, पुळणीवर धावणारे चिखल्या. हिवाळ्यात कुरवाचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळपट ठिपका. मार्चमध्ये तेच डोकं तपकिरी होऊ लागतं. एका थव्याचे नोव्हेंबर ते मार्च फोटो काढले, की परतीची तयारी पिसांवर वाचता येते. पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं, तर देखण्या चौकटीचा मोह सोडून त्यावरची अक्षरं टिपावीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे ती नोंद पाठवली, की पाखराचा प्रवास कळायला मदत होते.

किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर याच काळात समुद्री गरुडाचं, कोकणातल्या काकणाचं, घरटं नांदतं होतं. वर्षानुवर्षं तीच जोडी त्याच घरट्यात काटक्यांची भर घालते. झाडाखाली समुद्री सापांचे सांगाडे सापडतात. ते त्याचं आवडतं खाद्य. घरट्याच्या थेट समोर उभं राहू नये, ड्रोन तर अजिबात उडवू नये. काकण घिरट्या घालून ओरडू लागला, म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत.

थंडीतल्या अमावास्येच्या आसपास कधी लाटेची कड निळसर-हिरवी उजळते. नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवांची दाटी झाली, की पाणी ढवळताच त्यांच्या शरीरात रासायनिक क्रिया होऊन प्रकाश पडतो. त्यासाठी चंद्र नको, गावचे दिवे नकोत. ट्रायपॉड, मोठं छिद्र, आयएसओ ३२०० आणि पंधरा-वीस सेकंद. फोटोत रंग डोळ्यांना दिसतो त्याहून भडक येतो. नोंदवहीत डोळ्यांनी काय दिसलं तेही लिहावं.

हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांचाही. रत्नागिरीतल्या वेळास इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसह अंडी राखायला सुरुवात केली, आणि पुढे ते काम कोकणभर पसरलं. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात, म्हणून फ्लॅश आणि मोबाइलचा दिवा पूर्ण बंद. २०२१ मध्ये ओडिशात पंखाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी मानण्याच्या सवयीला धक्का बसला, तो बिल्ल्यावरचा आकडा कुणीतरी नीट वाचल्यामुळे.

उन्हाळा आणि सूर्याची वाट

मार्च-एप्रिलमध्ये कातळ तापतो, शैवाल वाळून पांढरं पडतं, खेकडे कपारीत जातात. फोटो पहाटेच्या ओहोटीलाच. कालवं काढणाऱ्या बाया तेव्हाच खडपावर उतरतात. कोणती घळ कधी भरते आणि यंदा कालवं कुठे कमी आहेत, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही. त्यांना विचारावं, त्यांचा फोटो घ्यायचा असेल तर परवानगी घ्यावी, आणि त्यांनी सांगितलेलं नोंदीत उतरवावं.

सूर्यास्ताचंही एक वार्षिक चित्र आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य नैऋत्येकडे सर्वांत दूर बुडतो आणि मग उत्तरेकडे सरकू लागतो. देवगडच्या अक्षांशावर दोन टोकांमधलं अंतर सुमारे ४९ अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे क्षितिजावर पाच मुठी. उत्तरेचं टोक जूनमध्ये येतं आणि ढगांमुळे बहुधा दिसत नाही. एखाद्या ओळखीच्या सुळक्यामागे सूर्य कोणत्या आठवड्यात बुडणार, हे मुठी मोजून आधीच काढता येतं.

नोंद हाच फोटोचा कणा

फोटो संगणकात घातला, की त्याच दिवशी सहा गोष्टी लिहाव्यात: जागा, तारीख, तिथी, वेळ, ओहोटीची वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा. ओळख पटली नाही तर तसं लिहावं. जाणकार पुढे ओळखतील. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातल्या लोकांनी ओहोटीच्या फेऱ्यांत असेच फोटो जमवले, आणि गजबजलेल्या शहराच्या कडेलाही प्रवाळ आणि समुद्री गोगलगायी नांदतात हे लोकांना दिसलं. कोकणात तर गावागावाला स्वतःचा खडप आहे.

धक्का बांधला जातो, वाळू उपसली जाते, कड्याचा ठोकळा सुटतो, एखाद्या वर्षी सरगॅसम उशिरा येतं. दहा वर्षांनी कुणी विचारलं की आधी इथे काय होतं, तर आठवण आणि वाद यांपलीकडे गावाकडे काही उरत नाही. तारीख-तिथीसह काढलेली फोटोंची मालिका असेल, तर तीच पुरावा ठरते. म्हणून मी नवीन माणसाला लांबच्या प्रसिद्ध किनाऱ्याकडे पाठवत नाही. आपल्याला वारंवार जाता येईल असा एक खडप निवडा, त्याचे चारही पट्टे ओळखा आणि वर्षभर त्याच जागी उभे राहा. पहिल्या वर्षी फोटो साधेच येतील. दुसऱ्या वर्षी काय बदललं ते तुम्हाला कळू लागेल, आणि तिथून पुढे किनाऱ्याबद्दल बोलताना तुमच्या शब्दाला वजन असेल.